‘घरच्यासारखी’ माणसं

‘घरच्यासारखा’ हा शब्द आपण मराठीत फार प्रेमानं वापरतो. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी घरच्यासारख्या असतात, शेजारचे काका घरच्यासारखे असतात, आणि आत्याबरोबर तीस वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलेली तिची मैत्रीणही घरच्यासारखीच असते. शब्दात आपुलकी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला जोडलेलं ‘सारखा’ नेमकं काय काम करतं, हे एरवी लक्षात येत नाही. दिवाळीच्या फराळाला ते आड येत नाही, लग्नाच्या पंगतीत येत नाही. ते आड येतं अतिदक्षता विभागाच्या दाराशी, स्मशानात, आणि सोसायटीच्या ऑफिसात फ्लॅट आता कुणाच्या नावावर करायचा हे ठरत असतं तेव्हा.

वृद्ध समलिंगी माणसांच्या आयुष्यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत अमेरिकेत, फ्रान्समध्ये, हाँगकाँगमध्ये आणि आपल्याकडे जे चित्रपट आले, ते एकापाठोपाठ पाहिले की सगळे फिरून फिरून या ‘सारखा’पाशी येताना दिसतात. तरुण समलिंगी नायक-नायिकांच्या चित्रपटांत प्रश्न साधारण ठरलेला असतो: यांना प्रेम करू देतील का? वृद्धांच्या चित्रपटांत बहुतेक वेळा प्रेम करून झालेलं असतं, तीस-चाळीस वर्षांचा संसारही झालेला असतो. या संसाराला साक्षीदार कोण, असा प्रश्न तिथे असतो. आणि त्यामागे आणखी एक, जास्त अवघड प्रश्न उभा असतो. एखाद्याचं म्हातारपण इतरांच्या चांगुलपणावर सोडून देणं न्याय्य आहे का? ते इतर खरोखरच चांगले असले तरी?

हा प्रश्न सर्वांत स्वच्छपणे मांडणारा चित्रपट म्हणजे रे येउंग या दिग्दर्शकाचा ‘ऑल शॅल बी वेल’. २०२४च्या बर्लिन महोत्सवात त्याला टेडी पुरस्कार मिळाला. अँजी आणि पॅट या साठी ओलांडलेल्या दोघी हाँगकाँगमध्ये तीसहून अधिक वर्षं एकत्र राहताहेत. शरद पौर्णिमेच्या सणाला पॅटचा भाऊ, भावजय, भाचरं सगळी यांच्याकडे जेवायला जमतात. घर मोठं यांचं, पदर मोकळा यांचा. मुलांचे लाड या दोघींनीच केलेले. अँजीला कुणी परकी मानत नाही. मग पॅट अचानक जाते. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर आहे आणि कायद्याला चालेल असं मृत्युपत्र नाही. वारस भाऊ.

यानंतर कुणी दार आपटत नाही, अँजीला कुणी घाणेरडं बोलत नाही. आधी अंत्यविधीचा प्रश्न येतो. आपली राख समुद्रात सोडावी अशी पॅटची इच्छा होती, हे अँजीला माहीत आहे. पण जाणकाराचा सल्ला घेतला जातो आणि अस्थिकलश इमारतीतल्या कोनाड्यात ठेवला तर कुटुंबाची भरभराट होईल असं ठरतं. अँजी सांगून बघते. तिचं ऐकून घेतात आणि करायचं ते करतात. शोकविधीत तिची जागा जवळच्या मैत्रिणीची. नंतर हळूहळू फ्लॅटचा विषय निघतो. भाऊ आयुष्यभर राबूनही फारसं काही जमवू शकलेला नाही. हाँगकाँगसारख्या महागड्या शहरात त्याच्या मोठ्या झालेल्या मुलांना नीट पाय पसरायला जागा नाही. त्यांची गरज खरी आहे. आपण वाईट वागतोय असं त्यांना एकदाही वाटत नाही, आणि पाहणाऱ्यालाही त्यांचा पुरता राग करता येत नाही. चित्रपटाची धार इथे आहे.

मराठी प्रेक्षकाला तो अंत्यविधीचा भाग पाहताना आपल्याकडचं सुतक आठवावं. सुतक ही धार्मिक गोष्ट आहे तशी ती सामाजिक नोंदवहीही आहे. कोण कुणाचं हे त्या दहा दिवसांत जाहीर होतं. ज्याला गेलेल्या माणसानं वीस वर्षांत पाहिलं नाही अशा परगावच्या भाऊबंदालाही सुतक असतं. उशापायथ्याशी बसून औषधं देणाऱ्या जोडीदाराला ते नसतं, कारण नातंच नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला हरकत नाही. विटाळाच्या कल्पनेतून सुटका झाली म्हणून आनंद मानावा, तर इथे सुतक नसणं म्हणजे दुःखाचा अधिकारच नसणं आहे.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा नातेवाईक एकेक इच्छा बोलून बघतात: मुलाचं लग्न करू, धाकटीकडे लक्ष देऊ, गावचं घर विकणार नाही. विधीवर विश्वास असो वा नसो, त्यामागची समजूत सुंदर आहे. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं हे जवळच्या कुणाला तरी ठाऊक असणार, असं ती गृहीत धरते. आता अशी कल्पना करा की ते ठाऊक असलेलं माणूस घाटावर मागच्या रांगेत उभं आहे आणि त्याला कुणी पुढे बोलावत नाही. अँजीची अवस्था ही आहे. पॅटची इच्छा तिला माहीत होती, पण ती बोलायचा मान तिच्याकडे नव्हता.

फिलिप पेटिट या राजकीय तत्त्वज्ञानं १९९७च्या ‘रिपब्लिकनिझम’ या पुस्तकात स्वातंत्र्याची जी व्याख्या मांडली, ती इथे उपयोगी पडते. थोडक्यात सांगायचं तर, कुणी तुमच्या आयुष्यात ढवळाढवळ करत नाही एवढ्यानं तुम्ही स्वतंत्र होत नाही. कुणाला मनात येईल तेव्हा ती करता येऊ नये, अशी तुमची स्थिती असेल तर तुम्ही स्वतंत्र. दयाळू मालकाचा गुलाम मार खात नसेल, पण तो गुलामच. कारण मालकाची मर्जी फिरली तर काय, याचं उत्तर त्याच्या हातात नाही.

पॅटच्या घरच्यांना मालक म्हणणं अतिशयोक्ती होईल. तरी रचना तीच आहे. तीस वर्षं अँजीला जे मिळालं ते प्रेम होतं, पण ते दिलेलं होतं. देणाऱ्याला परत घेता येईल असं होतं. पॅट होती तोवर हे कुणालाच, अगदी देणाऱ्यांनाही, जाणवलं नाही. आपला चांगुलपणा किती खोल आहे हे माणसाला स्वतःलाही आधी माहीत नसतं. तो एखाद्या फ्लॅटच्या किमतीएवढा खोल आहे की नाही, हे फ्लॅट समोर आल्यावरच कळतं. म्हणून चांगल्या माणसांवर विश्वास ठेवा हा सल्ला अपुरा पडतो. माणसं वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. चांगल्या माणसांवरही इतकं ओझं टाकू नये, एवढाच याचा अर्थ.

याच गोष्टीची आधीची आवृत्ती पाहायची असेल तर एचबीओच्या ‘इफ दीज वॉल्स कुड टॉक २’ (२०००) या चित्रपटातली पहिली कथा पाहावी. काळ १९६१. ईडिथ आणि ॲबी ही वृद्ध जोडी. ॲबी शिडीवरून पडते. रुग्णालयात ईडिथला आत सोडत नाहीत, कारण ती नातेवाईक नाही. रात्रभर ती बाहेर बाकावर बसून राहते, आणि ॲबी गेल्याचं तिला सकाळी, तेही चौकशी केल्यावर कळतं. घर ॲबीच्या नावावर. पुतण्या येतो, सामानावरून नजर फिरवतो. तो यायच्या आत ईडिथ भिंतींवरचे दोघींचे फोटो उतरवते. व्हनेसा रेडग्रेव्हनं हे दृश्य जवळजवळ न बोलता केलं आहे. स्वतःच्या घरातून स्वतःचा पुरावा ती स्वतःच्याच हातानं नष्ट करते.

दोन कथांच्या काळात साठ वर्षांचं अंतर आहे. १९६१च्या अमेरिकेत ईडिथला लपावं लागलं. आताच्या हाँगकाँगमध्ये अँजीला लपावं लागलं नाही, घरच्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी ते स्वीकारलंही होतं. तरी घराचा शेवट एकच झाला. ‘स्वीकार’ या शब्दावर आपली जी भिस्त आहे, तिचं काय करायचं हे या दोन चित्रपटांनी विचारलं आहे.

मग माणसं वेळेवर सगळं उघड करून, कागदोपत्री बांधून का ठेवत नाहीत? ‘टू ऑफ अस’ (२०१९) हा फिलिपो मेनेगेतीचा फ्रेंच चित्रपट या प्रश्नावर उभा आहे. नीना आणि मादलेन या सत्तरीतल्या दोघी एकाच मजल्यावर समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. जगासाठी त्या शेजारणी. प्रत्यक्षात मधल्या दोन्ही दारांना काही अर्थ नाही. नीनाचा फ्लॅट नावापुरता आहे, त्यात धड संसारही नाही. मादलेन विधवा आहे, तिला मोठी मुलं आहेत. फ्लॅट विकून दोघींनी रोमला जायचं ठरलं आहे, फक्त मुलांना सांगणं बाकी आहे. मादलेनला ते जमत नाही. दोघींचं भांडण होतं, आणि त्यानंतर मादलेनला पक्षाघाताचा झटका येतो. तिची वाचा जाते.

त्या क्षणी नीना खरोखरच शेजारीण होते. इतकी वर्षं जे सोंग घेतलं होतं ते आता सत्य म्हणून अंगावर येतं. दाराच्या भिंगातून ती समोरच्या घरात कोण येतं, कोण जातं ते पाहत राहते. आत मादलेनची मुलगी आहे, पगारी सेविका आहे. कोणत्याही चांगल्या शेजारणीनं करावी तेवढी विचारपूस करायची तिला मुभा आहे, त्याहून जास्त नाही. आणि ही बाई आपल्या आईची कोण, हे सांगू शकणारं एकमेव माणूस आता बोलू शकत नाही.

तारुण्यात लपणं हे संरक्षण असतं. नोकरी वाचते, घर भाड्यानं मिळतं, आईवडिलांशी संबंध टिकतात. पण लपण्यासाठी शरीर धडधाकट लागतं. आपलं दार आपण लावावं लागतं, आपलं कपाट आपण आवरावं लागतं, कोण भेटायला आलं याचा खुलासा आपल्याला करता यावा लागतो. म्हातारपणात दार दुसरंच कुणी उघडतं. आंघोळ दुसरं कुणी घालतं, पासबुक दुसरं कुणी वाचतं, सही कुठे करायची ते दुसरं कुणी दाखवतं. ज्या भिंतींनी चाळीस वर्षं सांभाळलं, त्याच भिंतींच्या आत माणूस कोंडला जातो.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या बाजूनं आला, आणि त्याचा एक धागा थेट मराठीशी जोडलेला आहे. हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ (२०१५) हा प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्यावरचा चित्रपट. सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होते आणि कविता लिहीत होते. ‘पाया खालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१०मध्ये कॅमेरा घेऊन काही जण त्यांच्या घरात घुसले, त्यांचं एका पुरुषाबरोबर चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठानं निलंबन केलं सिरसांचंच. दिल्ली उच्च न्यायालयाचा जुलै २००९चा निकाल तेव्हा लागू होता. म्हणजे ज्यासाठी त्यांना शिक्षा झाली तो गुन्हाही नव्हता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. वय ६४, निवृत्तीला काही महिने बाकी.

चित्रपटात मनोज वाजपेयींचे सिरस कसलाही झेंडा हातात घेत नाहीत. संध्याकाळी ग्लास भरून लताबाईंचं गाणं लावून डोळे मिटून बसावं, एवढंच त्यांना हवं आहे. कोर्टात त्यांच्या आयुष्याची चिरफाड चाललेली असताना ते मागे बसून स्वतःच्या कवितांचं भाषांतर करत असतात. त्यांची मागणी एका वाक्यात सांगता येते: मला एकटं सोडा.

आपला कायदा पुढे नेमका या वाटेनं गेला. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि त्याचा आधार घेऊन ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द झाला. त्या निकालात प्रतिष्ठेचा आणि समतेचा मुद्दाही होता, पण लोकांपर्यंत जो पोचला तो खासगीपणाचा: बंद दारामागे दोन सज्ञान माणसं काय करतात हा त्यांचा प्रश्न. सिरसांना हा हक्क हवा होता आणि तो त्यांना मिळायला हवा होता. पण सिरस आणखी पंधरा वर्षं जगले असते, पडले असते, हाड मोडून अंथरुणाला खिळले असते, तर बंद दाराच्या हक्काचा त्यांना किती उपयोग झाला असता? तेव्हा त्यांना उलटा हक्क लागला असता: मला एकटं सोडू नका. आणि माझ्याजवळ कोणी असावं हे मला ठरवू द्या.

हे दोन हक्क एकमेकांचे विरोधक नाहीत, पण एकातून दुसरा आपोआप निघत नाही. पहिला द्यायला समाजाला फक्त मान फिरवावी लागते. दुसऱ्यासाठी मान वळवून पाहावं लागतं, नाव घ्यावं लागतं, खुर्ची द्यावी लागते. आपण पहिला हक्क दिला आणि हिशेब मिटला असं समजलो.

इथे एक बाजू सोडून दिली तर सगळा विचार लंगडा पडेल. लपलेल्या आयुष्याची किंमत लपणाऱ्यानं एकट्यानं दिलेली नसते. रे येउंगचाच २०१९चा ‘सुक सुक’ हा चित्रपट या ठिकाणी पाहायला हवा. हाँगकाँगमधल्या ज्येष्ठ समलिंगी पुरुषांचा मौखिक इतिहास समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस काँग यांनी नोंदवला होता, त्यावरून तो सुचला. ‘सुक सुक’ म्हणजे कँटोनीज भाषेत काका. सत्तर वर्षांचा टॅक्सीचालक पाक, बायको-मुलं-नात असलेला. निवृत्त होई, घटस्फोटित, श्रद्धाळू ख्रिस्ती मुलाच्या घरी राहणारा. दोघांची या वयात गाठ पडते. दोघेही घरादाराचे ‘काका’, आणि त्या नात्याच्या नावाखालीच दोघांचं खरं आयुष्य झाकलेलं.

पाकबद्दल कणव वाटते. पण त्याची बायको? तिनंही तेवढीच वर्षं घातली आहेत. तिला काहीतरी कळलेलं आहे आणि ती बोलत नाही. तिच्या शांततेला आपण सोशिकपणा म्हणून मोकळे होतो, कारण तसं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ही बायको करणारी पात्रा आउ हीच पुढे ‘ऑल शॅल बी वेल’मधली अँजी झाली, आणि पाक करणारा ताय बो हा पॅटचा भाऊ झाला. एका चित्रपटात लपून जगणारा माणूस, दुसऱ्यात लपण्याची गरज नसलेल्या बाईचं घर घेणारा भाऊ, चेहरा तोच. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहताना ‘अन्याय करणारे’ आणि ‘सोसणारे’ अशी वाटणी डोक्यात टिकत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत धिटाईनं विचारला तो जिओ बेबी यांच्या ‘काथल’ या मल्याळम चित्रपटानं (२०२३). मॅथ्यू गावातला प्रतिष्ठित माणूस, पोटनिवडणुकीला उभा. त्याची बायको ओमना वीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोटाचा अर्ज करते, आणि कारण लिहिते की नवरा समलिंगी आहे. मामूटीनं मॅथ्यू केला, ज्योतिकानं ओमना. ओमनाला सूड नको आहे. तिला स्वतःचं उरलेलं आयुष्य हवं आहे, आणि आपण सुटल्याशिवाय मॅथ्यूही सुटणार नाही हे तिला त्याच्याआधी कळलं आहे. मॅथ्यूच्या वृद्ध वडिलांना मुलाचं सगळं ठाऊक होतं. लग्न झालं की ठीक होईल म्हणून त्यांनी ते लावून दिलं. ‘लग्न झालं की ठीक होईल’ हे वाक्य मल्याळमइतकंच मराठीतही चालतं. ते बोलणारी माणसं दुष्ट नसतात. पण दोन आयुष्यांची फरफट त्या वाक्यावर जमा आहे, आणि गावात तिसराही एक जण आहे, थंकन, जो इतकी वर्षं नुसताच थांबलेला आहे. त्याच्यासाठी तर ‘घरच्यासारखा’ हा शब्दही कुणी वापरलेला नाही.

म्हणजे लपण्याचा दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा? पाकनं आणि मॅथ्यूनं बायकोला फसवलं हे खरं. त्यांच्यासमोर दुसरा रस्ता ठेवला गेला नव्हता हेही खरं. दुसऱ्या सत्यानं पहिलं पुसलं जात नाही. नैतिक हिशेबात दोन्ही नोंदी राहू द्याव्या लागतात.

‘सुक सुक’मध्ये एक उपकथानक आहे. काही वयस्क समलिंगी पुरुष आपल्यासारख्यांसाठी वेगळा वृद्धाश्रम असावा म्हणून प्रयत्न करत असतात. जाहीर सुनावणीत जाऊन बोलायचं तर चेहरा दाखवावा लागणार, आणि तिथेच बरेच जण मागे सरतात. स्टू मॅडक्सचा ‘जेन सायलेंट’ (२०१०) हा अमेरिकी माहितीपट बॉस्टन परिसरातल्या अशाच वृद्धांवर आहे. त्यातली माणसं तरुणपणी उघडपणे जगलेली, चळवळीत उतरलेली आहेत. आता शुश्रूषेसाठी परक्यांच्या हाती जायची वेळ आली तेव्हा पुन्हा लपावं की काय, या विचारात ती पडली आहेत. कारण जो आपल्याला कुशीवर वळवणार आहे, त्याची नाराजी परवडणारी नसते. पण याच माहितीपटात रक्ताच्या माणसांनी पाठ फिरवलेल्या एका मरणासन्न पारलिंगी स्त्रीभोवती अनोळखी माणसं पाळ्या लावून उभी राहतात, हेही दिसतं. चांगुलपणा असतो. तो खराही असतो. फक्त तो वेळेवर उगवेल याची हमी नसते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, एवढं रडगाणं कशाला, मृत्युपत्र करा आणि मोकळे व्हा. सल्ला योग्य आहे, आणि प्रत्येकानं तो ऐकावा. पण त्यानं प्रश्न संपत नाही. विवाहित जोडप्याला मृत्युपत्र केलं नाही तरी कायदा सांभाळून घेतो. आळस, अंधश्रद्धा, ‘एवढ्यात कुठे मरतोय’ ही नेहमीची माणसाळ कारणं त्याला माफ असतात. दुसऱ्या जोडप्याला मात्र एका न केलेल्या सहीची शिक्षा म्हणून घर जातं. शिवाय मृत्युपत्र मेल्यानंतर बोलतं. नीनाला मादलेनजवळ बसायचं होतं ते ती जिवंत असताना.

लग्नाचा कागद असला तरी सगळं सुटतं असंही नाही. आयरा सॅक्सच्या ‘लव्ह इज स्ट्रेंज’मध्ये (२०१४) बेन आणि जॉर्ज ३९ वर्षांच्या सहवासानंतर न्यूयॉर्कमध्ये कायदेशीर लग्न करतात, आणि लग्न केलं म्हणूनच जॉर्जची कॅथलिक शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी जाते. फ्लॅट विकावा लागतो. एक जण पुतण्याच्या घरी, दुसरा शेजाऱ्यांच्या सोफ्यावर. सगळे प्रेमळ, सगळ्यांच्या घरात जागा कमी. आश्रित म्हणून राहणं काय असतं ते मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आपल्या कायद्याची आजची स्थिती अशी. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल आणि एकमेकांना नॉमिनी करता येईल. हे पाऊल छोटं असलं तरी खरं आहे. पण नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालक नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. पॅट पुण्यात अविवाहित हिंदू स्त्री म्हणून मृत्युपत्राशिवाय वारली असती, आणि आईवडील आधीच गेलेले असते, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५नुसार तिचं घर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाकडे गेलं असतं. हाँगकाँग आणि पुणे यांत फरक पडला नसता. गंमत म्हणजे वेगळं करता येतं याचा दाखला आपल्याच कायद्यांत आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू देतो, आणि तो नातेवाईकच असावा अशी अट घालत नाही. मनाच्या आजारात जे चालतं ते मोडलेल्या खुब्याला का चालू नये?

आणखी एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. हे सगळ्याच म्हाताऱ्यांचं दुःख नाही का? निपुत्रिक विधवा, अविवाहित भाऊ, मुलं परदेशी गेलेलं जोडपं, हे सगळे कुणाच्या तरी चांगुलपणावरच जगतात. बरोबर आहे. मला तर वाटतं की या चित्रपटांचा मोठा उपयोग हाच आहे. समलिंगी वृद्धांच्या बाबतीत जे ठळक दिसतं ते इतरत्र पुसट असलं तरी असतंच. आपण काळजीचा सगळा भार रक्त आणि लग्न या दोन खांबांवर टाकला आहे, आणि ज्यांच्या आयुष्यात यातला एकही खांब नाही त्यांना ‘घरच्यासारखं’ म्हणून पडवीत जागा दिली आहे. फरक एवढाच की निपुत्रिक विधवेला आपण कुणाची विधवा आहोत हे सांगता येतं. अँजीला तेही सांगता येत नाही.

आपल्या भाषेनं नाती मानण्याची सोय पूर्वीपासून केलेली आहे. मानलेला भाऊ असतो, मानलेली मुलगी असते. रक्त नसताना शब्द देऊन नातं तयार होतं आणि माणसं ते जन्मभर पाळतात. ‘मानलेला’ आणि ‘सारखा’ यांत मोठं अंतर आहे. मानण्यात कुणीतरी पुढे येऊन चारचौघांत जबाबदारी घेतो. ‘सारखा’मध्ये कुणीच काही घेत नाही. पण मानलेल्या नात्यांच्या या यादीत जोडीदार मात्र कधी आला नाही. सेबास्तियाँ लिफशित्सच्या ‘ले इन्व्हिजिब्ल’ (२०१२) या फ्रेंच माहितीपटात वयोवृद्ध समलिंगी स्त्री-पुरुष कॅमेऱ्यासमोर मोकळेपणानं आपलं आयुष्य सांगतात. काही जोडीनं बसलेले, काही एकटे, काही चांगलेच खट्याळ. ती माणसं कुणाकडे मान्यता मागायला आलेली वाटत नाहीत. आपली जोडी त्यांनी केव्हाच मानली आहे. मानायचं उरलं आहे ते बाकीच्यांचं.

हे चित्रपट पाहताना आपण साहजिकच अँजीच्या, नीनाच्या बाजूनं बसतो. पण पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांवर अँजी होण्याची वेळ येणार नाही. पॅटचा भाऊ, मादलेनची मुलगी, बेनचा पुतण्या होण्याची वेळ मात्र यांतल्या बऱ्याच जणांवर येईल. कुठल्या तरी आत्याच्या, काकाच्या, मामाच्या निधनानंतर किल्ल्या आपल्या हातात येतील, आणि समोर एक म्हातारं माणूस बसलेलं असेल, जे आपल्याला लहानपणापासून खाऊ देत आलं आहे. तेव्हा आपण चांगले वागू अशी आशा आहे. पण तेवढ्यावर विसंबू नये. आत्या हयात आहे, मैत्रीण समोर बसली आहे, तोवरच विचारून घ्यावं: आत्या, कागद केलेत का? दवाखान्यात कुणाचं नाव दिलंयस? शेवटचं काय कसं करायचं ते कुणाला सांगून ठेवलंयस? प्रश्न अवघडल्यासारखा वाटेल. दोघी कदाचित एकमेकींकडे बघतील आणि विषय बदलतील. तरी पुन्हा विचारावं, आणि सोसायटीच्या फॉर्मवर सही घ्यायला स्वतः घेऊन जावं.